एक विषय, अनेक वाटा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं अर्थशास्त्र

वाचण्याआधी

तुमच्यापैकी काही जण आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत आहात. कॉलेजात कोणता विषय घ्यायचा, यावर घरी चर्चा सुरू असेल. इकॉनॉमिक्स, म्हणजे अर्थशास्त्र, घेतलं की पुढे फक्त बँक नाहीतर शेअर बाजार, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी कॉम्प्युटरवाला माणूस. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

या पाठात आपण बाबासाहेब आंबेडकरांचं आयुष्य वाचणार आहोत. त्यांनी भारताची राज्यघटना तयार केली, हे तुम्ही ऐकलं असेल. पण परदेशात त्यांनी मुख्यतः अर्थशास्त्र शिकलं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वाचताना हातात पेन्सिल ठेवा. बाबासाहेबांनी केलेलं एकेक काम आलं की त्याखाली रेघ मारा. शेवटी किती कामं झाली ते मोजू.

१. महू, सातारा, मुंबई

भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. महू आज मध्य प्रदेशात आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. कुटुंबाचं मूळ गाव कोकणातलं आंबडवे. भीमराव हे आईवडिलांचं चौदावं मूल.

हे कुटुंब महार जातीचं होतं. त्या काळात या जातीच्या लोकांना अस्पृश्य मानलं जायचं. म्हणजे त्यांचा स्पर्शसुद्धा बाकीच्यांना चालत नसे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळायचं. शिपाई नसला तर दिवसभर तहानलेलं राहायचं.

पुढे कुटुंब मुंबईला आलं. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले आणि १९०७ साली मॅट्रिक पास झाले. त्यांच्या समाजात ही फार मोठी गोष्ट होती. कॉलेजसाठी पैसे कुठून आणायचे? कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षक-लेखकांनी खटपट केली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना २५ रुपये द्यायचं कबूल केलं. त्यावर भीमराव बी.ए. झाले.

२. न्यूयॉर्क

१९१३ साली सयाजीरावांनी त्यांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. एक अट होती. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची.

भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. सोबत इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान. आज एकच विषय पक्का धरायचा की दोन-तीन मिसळायचे, असा प्रश्न तुम्हाला पडतो ना? त्यांनी मिसळले. पण मधला खांब अर्थशास्त्राचाच ठेवला.

तिथे त्यांना एडविन सेलिग्मन हे प्राध्यापक भेटले. सेलिग्मन यांचा विषय होता सार्वजनिक वित्त, म्हणजे सरकारचा पैसा. सरकार कर कोणाकडून घेतं? तो कशावर खर्च करतं? दिल्लीच्या सरकारने किती ठेवायचं आणि प्रांतांना किती द्यायचं? भीमरावांनी याच प्रश्नांवर काम केलं. १९१५ साली ते एम.ए. झाले. ब्रिटिश भारतातल्या प्रांतांच्या पैशाविषयीचं त्यांचं संशोधन १९२५ साली पुस्तक म्हणून छापलं गेलं आणि १९२७ साली कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली.

जेवणाखाण्यात काटकसर करून ते जुनी पुस्तकं विकत घ्यायचे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली असं सांगतात.

३. अर्धवट राहिलेलं लंडन

१९१६ साली ते लंडनला गेले. तिथे त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी.

पण वर्षभरातच शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली परत यावं लागलं. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान दुसऱ्या बोटीने येत होतं. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि पुस्तकंही गेली. हातात एकच आशा होती. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी त्यांनी लंडनमध्ये मागून घेतली होती.

४. पहिली नोकरी

ठरल्याप्रमाणे भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पुढे त्यांच्याकडे संस्थानाचं अर्थखातं द्यावं, असं महाराजांच्या मनात होतं. अर्थशास्त्र शिकलेल्या तरुणाला यापेक्षा चांगली सुरुवात कोणती?

पण ऑफिसात शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच फेकायचे, कारण हाताला हात लागायला नको. प्यायला पाणी मिळेना. गावात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते खोटं नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला एक घोळका आला आणि त्यांना तिथून बाहेर काढलं. ओळखीच्या दोन मित्रांनीही घरात घ्यायला टाळाटाळ केली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर ते एका बागेत बसून राहिले.

जरा थांबा आणि विचार करा. न्यूयॉर्कमध्ये एम.ए. झालेला, लंडनला शिकून आलेला माणूस, हातात चांगली नोकरी, आणि डोक्यावर छप्पर नाही. पदवीने त्यांना दार उघडून दिलं होतं, पण दारात उभ्या असलेल्या लोकांनी आत येऊ दिलं नाही.

५. मुंबईतली धडपड

मुंबईत घर चालवायचं होतं. भीमरावांनी मिळेल ते काम केलं. विद्यार्थ्यांना घरी शिकवलं. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला द्यायची एक छोटी कंपनीही काढली. आज आपण अशा माणसाला फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर म्हणतो. धंदा सुरू झाला, गिऱ्हाईकं आली. मग सल्ला देणारा माणूस कोणत्या जातीचा आहे हे त्यांना कळलं, आणि गिऱ्हाईकं यायची थांबली. सल्ला चुकला म्हणून धंदा बुडाला नाही. सल्ला कोण देतंय, यावरून बुडाला.

तरी अभ्यास थांबला नाही. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतांवर एक लेख लिहिला. शेतांचे तुकडे जोडून मोठे करा म्हणजे शेती सुधारेल, असं तेव्हा बरेच तज्ज्ञ म्हणत. भीमरावांनी वेगळा विचार मांडला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. अवजारं, बैल आणि भांडवल किती आहे त्यावर ठरतं. शिवाय शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत. त्यांना कारखान्यांत काम मिळालं तर शेतीही सुधारेल. हा लेख आजही अर्थशास्त्राचे विद्यार्थी वाचतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५० रुपये. ते तयारी करून इतकं छान शिकवायचे, की दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही येऊन बसायची. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांची हरकत होती. बडोद्याचं पाणी आणि मुंबईचं पाणी, दोन्हीकडे गोष्ट तीच.

१९२० च्या जानेवारीत त्यांनी मूकनायक नावाचं मराठी पाक्षिक सुरू केलं. मार्चमध्ये नोकरी सोडली. लंडनची चार वर्षांची मुदत संपत आली होती. थोडे पैसे स्वतः साठवले होते. काही मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली. आणि कोलंबियातले त्यांचे मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. हे भथेना पारशी होते. बडोद्याच्या धर्मशाळेत जे घडलं, त्यानंतर ही मैत्रीही लक्षात ठेवायला हवी.

६. रुपयाचा प्रश्न

लंडनमध्ये ते १९२१ साली एम.एस्सी. झाले. मग डी.एस्सी. या आणखी मोठ्या पदवीसाठी त्यांनी रुपया हाच विषय घेतला.

प्रश्न काय होता ते सोप्या भाषेत पाहू. त्या काळी रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचा पौंड सोन्यावर आधारलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांदी स्वस्त झाली, तसा पौंडाच्या तुलनेत रुपयाही घसरला. मग ब्रिटिश सरकारने रुपया आणि पौंड यांचा दर स्वतः बांधून ठेवला. इंग्लंडशी व्यापार करणाऱ्यांना आणि सरकारला ते सोयीचं होतं.

आंबेडकरांनी विचारलं, रुपयाने पौंड किती मिळतात एवढंच पाहून कसं चालेल? त्याच रुपयात इथल्या माणसाला धान्य किती मिळतं, ते कोण पाहणार? सरकारने हवे तेवढे रुपये काढले तर भाव वाढतात. भाव वाढले की रोजंदारीवर काम करणाऱ्याची मजुरी तेवढी पटकन वाढत नाही. म्हणजे झळ गरिबाला लागते. म्हणून सरकारच्या पैसे काढण्याच्या अधिकारावर मर्यादा हवी, असं त्यांचं मत होतं.

परीक्षकांनी प्रबंधात बदल करायला सांगितले. इकडे पैसे संपले होते. १९२३ साली ते मुंबईला परतले, बदल केले आणि प्रबंध पुन्हा पाठवला. त्याच वर्षी पदवी मिळाली आणि पुस्तकही निघालं. गंमत म्हणजे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच आपले मतभेदही सांगितले. अर्थशास्त्रात दोन हुशार माणसांचं पटलं नाही तरी चालतं. दोघांनी आपापली कारणं मात्र नीट मांडायला हवीत.

७. कोर्ट, आयोग आणि कायदेमंडळ

आता नावापुढे मोठ्या पदव्या होत्या. बॅरिस्टरही झाले होते. ते मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. सुरुवातीला कामं कमी मिळायची, म्हणून अकाउंटन्सी शिकवणाऱ्या एका संस्थेत ते अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवायचे.

१९२५ साली भारताच्या चलनाचा अभ्यास करायला एक आयोग आला. हिल्टन यंग हे त्याचे अध्यक्ष. या आयोगापुढे आंबेडकरांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. लंडनमध्ये लिहिलेला प्रबंध आता प्रत्यक्ष कामाला आला. देशासाठी एक मध्यवर्ती बँक असावी, अशी शिफारस या आयोगाने केली. पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. भारतातल्या नोटांवर तुम्ही तिचं नाव पाहिलं असेल.

मग ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. तिथे सरकारच्या अंदाजपत्रकावर बोलताना शिकलेलं अर्थशास्त्र उपयोगी पडायचं. अंदाजपत्रक म्हणजे बजेट. १९३७ साली त्यांनी खोती बंद करण्यासाठी विधेयक मांडलं. कोकणात खोत नावाचे लोक गावाचा शेतसारा गोळा करून सरकारला भरायचे. शेत कसणारं कूळ वेगळं, आणि मधल्या मधे खाणारा खोत वेगळा. खोताला किती द्यायचं यावर कुळाचं काही चालायचं नाही. पिकाचा मोठा वाटा मधेच जात होता. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. स्वातंत्र्यानंतर खोती कायद्याने बंद झाली.

याच काळात, १९३५ ते १९३८, ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते.

८. दिल्लीत मजूरमंत्री

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आजच्या भाषेत मजूरमंत्री. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि कारखाने रात्रंदिवस चालत होते. १९४६ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात बदल झाला. वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांत आठवड्याला ५४ तास काम असायचं, ते ४८ तासांवर आलं. खाणीत काम करणाऱ्यांसाठी कल्याण निधीचे कायदेही त्यांच्या काळात झाले.

पाणी आणि वीज यांचं कामही त्यांच्याच खात्याकडे होतं. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. नुसते बांध घालण्यापेक्षा एकाच योजनेतून पूर थांबवायचा, शेतीला पाणी द्यायचं आणि वीजही तयार करायची, असा विचार पुढे आला. त्यासाठी अमेरिकेतल्या टेनेसी नदीच्या योजनेचा नमुना समोर होता. आंबेडकरांनी या कामाला गती दिली. पुढे १९४८ साली दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं.

९. राज्यघटना

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली. आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्रीही होते. घटना एकट्याने लिहिली गेली नाही. संविधान सभेत जवळपास तीनशे सभासद होते आणि खूप वाद झाले. पण मसुद्याचा मोठा भार आंबेडकरांवर होता.

घटनेत २८० क्रमांकाचं एक कलम आहे. दर पाच वर्षांनी, किंवा गरज पडली तर त्याआधी, एक वित्त आयोग नेमायचा आणि करांचा पैसा केंद्र आणि राज्यं यांच्यात कसा वाटायचा ते त्याने सुचवायचं. पहिला आयोग १९५१ साली नेमला गेला. आता न्यूयॉर्कचा भाग आठवा. केंद्राने किती ठेवायचं आणि प्रांतांना किती द्यायचं, हाच प्रश्न पंचविशीतल्या विद्यार्थ्याने कोलंबियाच्या लायब्ररीत अभ्यासला होता. तीस-पस्तीस वर्षांनी तो देशाच्या घटनेत समोर आला, आणि त्याची बारीकसारीक माहिती असलेला माणूस तिथे हजर होता.

हिंदू कोड बिलातही पैशाचा प्रश्न होता. मुलीला आणि विधवेला मालमत्तेत वाटा मिळावा, असं त्यांना हवं होतं. ते बिल रखडलं, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

मोजलं का?

माझी यादी अशी : संस्थानातले अधिकारी, खाजगी शिक्षक, गुंतवणूक सल्लागार, प्राध्यापक, संपादक, संशोधक-लेखक, वकील, व्यापारी कायद्याचे शिक्षक, आयोगापुढचे तज्ज्ञ, आमदार, प्राचार्य, मजूरमंत्री, कायदामंत्री. तेरा झाली. तुमची एखादी जास्त असेल तर वर्गात सांगा.

यातली काही कामं त्यांनी निवडली, काही नाइलाजाने केली. काहींतून त्यांना बाहेर पडावं लागलं. दोनदा तर फक्त जातीमुळे. पण प्रत्येक कामात प्रश्न तोच राहिला : पैसा कुठून येतो, कुठे जातो, आणि ओझं कोणाच्या डोक्यावर पडतं? हा प्रश्न बँकेत विचारता येतो, तसाच कोर्टात, वर्तमानपत्रात, धरणाच्या योजनेत आणि बजेटमध्येही विचारता येतो. म्हणून अर्थशास्त्र शिकून पुढे काय, असं कोणी विचारलं, तर नोकऱ्यांच्या यादीआधी हा प्रश्न आठवा. तो तुम्हाला आवडला तर हा विषय तुमचा आहे.

लंडनला राहत असाल तर किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर जरूर पाहा. विद्यार्थी असताना बाबासाहेब तिथे राहायचे. आता तिथे स्मारक आहे. न्यूयॉर्कजवळ असाल तर कोलंबियाच्या लेहमन लायब्ररीत त्यांचा अर्धपुतळा आहे.

शब्दार्थ

संस्थान – ब्रिटिशांच्या काळात राजाचं राज्य
शिष्यवृत्ती – शिकण्यासाठी मिळणारे पैसे, स्कॉलरशिप
पाक्षिक – पंधरा दिवसांनी निघणारा अंक
प्रबंध – पदवीसाठी लिहिलेलं मोठं संशोधन
भांडवल – धंद्यात घालायचा पैसा
चलन – देशात वापरायचा पैसा
शेतसारा – जमिनीवरचा कर
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी
विधेयक – मंजूर होण्याआधीचा कायदा, बिल
मसुदा – पहिला कच्चा आराखडा
झळ लागणे – त्रास किंवा नुकसान सोसावं लागणे

विचार करा आणि लिहा

१. बडोद्याची नोकरी आंबेडकरांना का सोडावी लागली? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. भाव वाढले की रोजंदारीवरच्या माणसाला जास्त त्रास का होतो? तुमच्या शहरातलं एखादं उदाहरण द्या.
३. वित्त आयोग काय काम करतो? त्याचा कोलंबियातल्या अभ्यासाशी काय संबंध आहे?
४. घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा : कॉलेजात कोणता विषय शिकलात आणि नंतर कोणकोणती कामं केलीत? उत्तर मराठीत लिहून आणा.